वादळातल्या तलाठ्याच्या गावी

एसटी सुटली तेव्हा माझी वहिनी स्टँडच्या कठड्याला धरून ओरडत होती, "नंदा, सरळ नाही म्हणून ये!" तिच्या पाठीमागे उभी असलेली माझी भाची प्राची तोंडातून अक्षर न काढता जोरजोरात मान डोलावत होती, म्हणजे "आत्या, हो म्हणून ये." मी दोघींनाही हात केला. कंडक्टरला वाटलं, मी त्यालाच काहीतरी विचारते आहे. "ताई, काळजी करू नका," तो म्हणाला, "गाडी पुण्यालाच जाणार."

पुण्याला गाडी बदलून मी छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. तिथून पुढे शेंद्र्याच्या पलीकडे आणि करमाडच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. त्या गावातलं, प्राचीसाठी आलेलं स्थळ बघायचं होतं. माझा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. त्याने कुठल्याशा बंदरातून फोन करून सांगितलं होतं, "नंदा, तू बघून ये. हायस्कूलच्या ऑफिसात एवढी वर्षं काढलीस, तुला माणूस कळतो." हायस्कूलच्या ऑफिसात माणूस कळत नाही, दाखले कळतात. पण हे भावाला सांगितलं नाही, कारण मला प्रवास करायचा होता.

मुलगा आम्हाला नवा नव्हता, आणि अडचण नेमकी तीच होती. सुमेध आमच्या गावचा तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्या वाडीत अजून तलाठीच चालतं. दोन पावसाळ्यांपूर्वी ते भयंकर चक्रीवादळ आलं तेव्हा तो नुकताच रुजू झाला होता, आणि त्याआधी त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं सरकार मुंबईत असतं, मधलं तालुक्याला असतं. आमच्या वाडीपुरतं सरकार म्हणजे सुमेध, त्याची मोटारसायकल आणि एक भोंगा. त्या भोंग्यावरून तो वाडीभर सांगत फिरला, "लई मोठं वारं येणार हाय, समद्यांनी शाळेत चला!" समद्यांनी आधी त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि मग ते शाळेत गेले. त्याच फेरीत त्याने आणखी एक सूचना केली. घरावर दगड ठेवा.

आमच्याकडे घरांवर मंगलोरी कौलं असतात. वहिनीने सरकारचं ऐकलं. दोन गडी लावून चांगले जाडजूड जांभे (चिऱ्याचे दगड) छपरावर चढवले. वारा यायच्या आधीच निम्मी कौलं फुटली. उरलेली वाऱ्याने नेली. दगड मात्र घरातच राहिले, एक तर थेट भाताच्या कणगीत.

त्यानंतर सरकारने जे काही केलं आणि केलं नाही, त्याबद्दल वहिनी आजही न थांबता बोलू शकते. वीज कित्येक आठवडे आली नाही. छपरासाठी सरकारी पत्रे आले ते पाऊस घरात मुक्कामाला आल्यावर. "ज्या सरकारने मला भिजवलं, त्या सरकारला मी मुलगी देऊ?" असा तिचा सवाल.

आणि सरकार काय करत होतं? दर सुट्टीला येऊन वहिनीच्याच छपरावर शाकारणी करत होतं. वर सुमेध, शिडीवर प्राची, आणि खालून एकेक कौल वर. छप्पर पुरं झालं तेव्हा बाकीचंही ठरलं होतं, फक्त आम्हाला सांगायचं राहिलं होतं.

मी याद्या करणारी बाई आहे. गाडीत बसल्या बसल्या विचारायच्या प्रश्नांची यादी केली. पाणी कुठून येतं, घरात कोण कोण, मुलगा चिडला की काय करतो. सगळ्यात वर लिहिलं : वादळात सरकार पास की नापास? हे उत्तर मला मुलाच्या माणसांसमोर हवं होतं. ज्या घराला आपल्या मुलाची चूक ऐकवत नाही, त्या घरात आमची प्राची फार दिवस गप्प बसणार नाही. तेव्हा हा निकाल लागल्याशिवाय हो नाही की नाही नाही, असं ठरवून मी झोपले.

छत्रपती संभाजीनगरच्या स्टँडवर सकाळी सुमेध उभा होता. शर्टाला अशी इस्त्री की कॉलरने कान कापला असता.

"जयभीम, मॅडम."

"जयभीम. आता मॅडम म्हणणार की आत्या?"

"जसं तुमी म्हनाल तसं, मॅडम."

गावाकडची गाडी दुपारी होती. शहर बघायचं माझ्या दुसऱ्या यादीत होतंच. आम्ही रिक्षा केली. हे दरवाज्यांचं शहर आहे. रस्त्याच्या मधोमध अचानक एक भला दांडगा दगडी दरवाजा येतो, आणि सगळी वाहतूक पूर्वीच्या घोडेस्वारांसारखी त्याच्यातून आत घुसते. प्रत्येक दरवाज्याखाली माझी मान आपोआप वाकत होती. रिक्षावाले चाचा आरशातून बघून हसले.

"बाई, हाथी निकलते थे इसमें से. आप तो आरामसे निकल जाएंगे. किधरसे आए?"

"कोकणातून."

"वो तुफानवाला कोकण? टीव्ही पे देखा मैंने. झाडां के झाडां गिरे. सरकारने कुछ दिया क्या नहीं?"

मी सुमेधकडे बघितलं. सुमेध एकदम एका पानटपरीकडे अतिशय मन लावून बघू लागला.

"दिया," मी माझ्या हिंदीत सांगितलं, "लेकिन पाऊस आनेके बाद दिया."

"हौ," चाचा म्हणाले, "सरकार लोगां का ऐसाच रहता."

"पूछो इनको," मी म्हटलं, "येच सरकार है."

चाचांनी ब्रेक मारला, वळून सुमेधला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "इत्तासा?" मला जे हसू फुटलं ते मकबऱ्याच्या फाटकापर्यंत थांबलं नाही. सुमेधही हसला. ते मी मनात टिपून ठेवलं. चिडत नाही.

मकबरा सुंदर आहे. फोटोत ताजमहालाचा धाकटा भाऊ दिसतो. समोर उभं राहिलं की त्याला स्वतःचं तोंड आहे हे कळतं. काही भाग संगमरवरी, बाकी पांढरा गिलावा. मागे डोंगर करडे, वर आभाळ निळंशार. माझ्या वाडीतली माणसं वादळानंतर कुठलीही इमारत एकाच नजरेने बघतात, तशी मीही बघत होते. घुमट ठीक आहे, वारा घसरून जाईल. मिनारांचं सांगता येत नाही. मी हे मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेजारी फोटो काढणाऱ्या एका जोडप्याने मिनारापासून जरा लांब सरकून फोटो काढला.

पाणचक्की बघितली, हिमरू शालींच्या दुकानात भाव विचारले, घेतलं काही नाही आणि वेळेवर स्टँडला परत आलो.

जालना रस्त्याने गाडी निघाली. शेंद्रा आलं की दोन्ही बाजूंना कारखाने, कुंपणं, सरळसोट रुंद रस्ते. सुटलेल्या पाळीचे कामगार गाडीत चढले आणि उभ्या उभ्या झोपले. कारखाने संपतात तिथून शेतं सुरू होतात. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडं), तुरीचे पट्टे, दाणा धरलेली ज्वारी. आमच्याकडे डोळा पंचवीस पावलांवर एखाद्या फणसाला अडकतो. इथे त्याला अडवणारं काही नाही. मला उगीचच मोकळं मोकळं, शाळा सुटल्यासारखं वाटायला लागलं.

फाट्यावर उतरून गावात शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले.

सगळ्या घरांवर पत्रे होते आणि पत्र्यांवर दगड. काळे, गोल, ओळीने मांडलेले. गोठ्यावर दगड, दुकानावर दगड, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा चार चिमुकले दगड. एका घरावर तर दगडांच्या जोडीला जुनं टायर आणि फुटकं जातं होतं.

"सुमेध," मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला दगड ठेवायला सांगितलंत ते..."

"आमच्याकडं वारं आलं की हेच करत्यात, मॅडम," तो पायाकडे बघत म्हणाला. "दगड नसला तर पत्रा पार दुसऱ्याच्या वावरात जातो. मला वाटलं, घर म्हनलं की वर दगड पायजेच. कौल असं फुटतं हे मला ठावं नव्हतं."

दोन पावसाळे आम्ही त्या सूचनेवर वैतागलो होतो. आता त्या खुराड्यावरचे चार दगड बघून मला असं हसू आलं की पिशवी खाली ठेवावी लागली. एक म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "कामून हसायली गं बाई? येडी हाय का काय?"

"नाय काकू, कोकनातली हाय," सुमेधने सांगितलं. म्हातारीला तेवढं पुरलं.

आम्ही घराकडे वळणार तोच सुमेधची आत्या, गयाबाई, समोरून आली. उंच, डोक्यावरून पदर, हातात विळा, आणि आवाज असा की आमच्या बंदरात भोंगा नको.

"घर कुटं पळून चाललंय? आधी वावरात चला! हुरडा गरम हाय!"

मला एवढीच रीत माहीत होती की स्थळ बघायला गेल्यावर मुलाच्या घरी पोटभर जेवायचं नाही, चहा-पोह्यांवर भागवायचं. आमच्याकडेही साधारण असंच असतं. पण हे घर थोडंच होतं? हे शेत होतं. मी निश्चिंत मनाने निघाले.

बांधाजवळ खड्ड्यात गोवऱ्यांचा आर (निखारे) केला होता. गयाबाई त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. हुरडा मी पहिल्यांदा खाल्ला. दुधासारखा गोड, वर धुराचा वास. थांबावं कुठे ते कळत नाही. मग भाजलेल्या वांग्याचं भरीत आलं, बाजरीची भाकरी आली, ठेचा आला. रात्रभराचा प्रवास आणि सकाळपासून नुसता चहा. मी खाल्लं. एक भाकरी संपली की दुसरी ताटात पडायची. गयाबाई माझ्या तोंडाकडे अशा प्रेमाने बघत होती की मला वाटलं, ही बाई अन्नपूर्णा आहे. सुमेध मात्र भाकरीच्या पहिल्या घासापासून चुळबुळ करत होता. दोनदा त्याने "मॅडम..." म्हणून सुरुवात केली. दोन्ही वेळा आत्याने त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

मी हात धुतले. गयाबाईने कमरेचा मोबाइल काढला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं भावाला सांगितलं, "आरं भीमराव! पाव्हनी जेवली! भाकरी खाल्ली, भरीत खाल्लं, वर दही मागून घेतलं! सोयरीक झाली, पेढे आन!"

"काय झाली?" मी म्हटलं.

"आमच्याकडं असं हाय, मॅडम," सुमेध रडवेला होऊन म्हणाला. "पसंती असल्याबिगर पाव्हनं जेवत नाय. घरी असू द्या नाय तर वावरात. पोरीकडच्यानं मुलाच्या घरची भाकर मोडली म्हंजी ठरलं."

"मग सांगायचं नाही?"

"आत्यानं बोलू दिलं नाय."

"कशाला बोलू देऊ?" गयाबाई म्हणाली. "मला सून पायजे."

पुढचं सगळं फार वेगाने झालं. शेंद्र्याच्या कारखान्यातून पाळी संपवून सुमेधचे वडील भीमराव थेट आले ते कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यांत पाणी आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांच्या मागे शेजारीपाजारी. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला. चौघी जणी "येवनबाई, येवनबाई" करत मला घरात ओढत होत्या. येवनबाई म्हणजे विहीणबाई, हे मला तोंडात पेढा असताना कळलं.

मी पेढा गिळला आणि ऑफिसात मुलांचा गोंधळ थांबवायला काढते तो आवाज काढला. "थांबा! भाकरी मी खाल्ली, कबूल. उत्तम होती. पण आमच्याकडे ठरतं ते बोलून ठरतं. मला या मुलाला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारायचा आहे. त्याशिवाय ठरलं असं मी समजत नाही."

भीमरावांचा चेहरा उतरला. गयाबाईने मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. "बोलनारी हाय! बसवा बैठक!"

ऊन कलल्यावर विहारापुढच्या पारावर बैठक बसली. चटया टाकल्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, आणि मधोमध सुमेध, वर्गात उभं केल्यासारखा. अध्यक्षपद कुणी न देता घेणारे कडूबा मामा पुढे बसले. गावातला जुना माणूस. सरकार कुठलंही असो, ते त्याच्या विरोधात असतात.

"सरकारनं वादळात काय दिवं लावलं ते पाव्हनीच्या तोंडून ऐकू," ते खुशीत म्हणाले. "व्हऊ द्या."

मी खरं ते सांगायला सुरुवात केली. आधी चांगलं. वादळाची खबर वेळेत दिली, माणसं शाळेत हलवली, वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. ह्याला पैकीच्या पैकी.

भीमरावांनी मिशीवर हात फिरवला.

"शाळेत खिचडी दिली. पण तुमच्या मुलाने ती स्वतःच्या अंदाजाने तिखट करायला लावली. आमची पोरं बाहेर वादळ आणि आत खिचडी, दोन्हींनी रडत होती."

बाया हसल्या. "तिखटाबिगर खिचडी? दवाखान्यातली का?" गयाबाई ओरडली.

"पाण्याचा टँकर मागवला, तो मोठा. तुमच्या ह्या सरळ रस्त्यांवर चालणारा. आमच्या घाटीच्या वळणात तो असा बसला की ना पुढे ना मागे. पाणी आलं, पण हंडे घेऊन डोंगर चढून आम्हीच गेलो."

"नापास!" कडूबा मामा म्हणाले.

"थांबा मामा. वीज कित्येक आठवडे नाही. पंचनाम्याला जमीन किती ते विचारतात. आमच्या दारात चार नारळ, परसात दोन फणस, ते सगळे आडवे. ते कुठल्या हेक्टरात बसवायचे? आणि पत्रे आले ते पाऊस लागल्यावर. माझ्या वहिनीने भर पावसात स्वयंपाकघरात छत्री धरून भात केला आहे. ह्याला शून्य."

हसणं थांबलं. भीमराव हळूच म्हणाले, "पत्रं काय माज्या पोरानं घरी नेलं व्हतं काय, बाई? मोठ्या सायबांचं पाप ह्याच्या डोक्यावर कामून?"

"दादा, बसा," सुमेध वडिलांना म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम बोलल्या ते समदं खरं हाय. पत्रे तालुक्याला उशिरा आले, तिथनं वाडीत यायला आनखी उशीर. मी रोज फोन लावायचो. रोज उचलत नव्हते."

"सरकार सरकारचा फोन उचलत नाय!" कडूबा मामांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का रं?"

"पन फोन उचलला नाय म्हनून मी तालुक्याला जाऊन बसायला पायजे व्हतं," सुमेध पुढे म्हणाला. "मी बसलो नाय. नवीन व्हतो, भ्यायलो. आन दगडाचं तर मीच सांगितलं. ते नुकसान वाऱ्यानं नाय, मी केलं."

"दगडाचं काय?" गावाने एकदम विचारलं.

मी दगडांची हकीकत सांगितली. कणगीतल्या दगडापाशी आले तेव्हा कडूबा मामा चटईवर आडवे झाले होते आणि बाया एकमेकींच्या पदरात तोंड खुपसत होत्या. भीमरावसुद्धा हसले. मग त्यांनी मान वर करून आपल्या घराच्या पत्र्याकडे बघितलं आणि आणखी हसले.

"आता सांगा," मी सुमेधला विचारलं, "उद्या परत वादळ आलं तर सरकार काय करील?"

"लहान टँकर," तो म्हणाला. "पयले तुमच्या म्हाताऱ्यांना विचारीन, पानी कुठनं घुसतं, झाड कुठं पडतं. पत्रे आन ताडपत्री पाऊस यायच्या आधी वाडीत आनून ठेवीन, लई बोलनी खावी लागली तरी. भोंग्यावर प्राचीला बोलाया लावीन, म्हंजी लोक हसत बसनार नायत. आन खिचडीत मिरची घालनार नाय."

मला हे उत्तर आवडलं. तोंडातून हो निघणारच होता. पण भीमराव खुशीत बोलून गेले, "परत कशाला येतंय वादळ ह्याच्या वाट्याला! बदलीचा अर्ज केलाय पोरानं. इकडंच येतोय. सून बी इथंच नांदंल, शेंद्र्याला नोकरी बी मिळंल."

माझा हो तिथेच अडकला.

"मग माझं उत्तर 'नाही'," मी म्हटलं.

बैठक गार झाली. आता मागे फिरता येणार नव्हतं, म्हणून मी सरळ बोलले. "प्राची इथे नांदेल, त्याचं काही नाही. माणसं गोड आहेत, भाकरी त्याहून. पण ह्या एका तलाठ्याला आमच्या वाडीने दोन वर्षं शिकवलं. कुठली कौलं, कुठला घाट, कोणाच्या घरी म्हातारं माणूस. आता त्याला येतं, तर तो निघाला. नवा येईल, तोही बिचारा समुद्र न बघितलेला. त्यालाही आमच्याच छपरावर सगळं शिकायचं. सरकारला मी नापास करते ती ह्याच्यासाठी, पत्र्यांसाठी नाही. आणि मुलगी त्याच गाडीत बसवून पाठवायची? वहिनीला मी काय सांगू?"

मग सुमेध म्हणाला, "अर्ज मागं घेतलाय."

"कव्हा?" भीमराव म्हणाले.

"गेल्या महिन्यात. दादा, तुमाला सांगायचं धाडस व्हत नव्हतं."

भीमराव उठले. निळ्या शर्टाची बटणं उगीच लावत, काढत गोठ्याकडे चालू लागले. त्यांचा एकुलता मुलगा परक्या मुलखात राहणार होता, आणि ते त्यांना एका अनोळखी बाईच्या प्रश्नामुळे, गावासमोर कळलं होतं.

"आरं, कापूस येचायला पोरगं नाय म्हनून तोंड पाडतो का?" गयाबाई त्यांच्या पाठीमागे ओरडली. "तू तरी कव्हा येचला? मीच येचते ना!"

पारावर कुणीतरी फिसकन हसलं. गोठ्यापाशी पोचलेले भीमराव थांबले, वळले आणि परत आले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बाई, माजं पोरगं ज्या जागंपायी घरी यीना, ती जागा मला बगायची हाय. समुद्र बी बगायचाय. तुमची कवाची गाडी?"

"उद्याची."

"मी येतो. तवर पेढे परत द्या."

"पेढे कुठून देऊ? मी खाल्ले!"

"मी बी येते," गयाबाई म्हणाली. "हा एकला गेला तर तिथंच राहील."

असं मी एकटी गेले होते आणि तिघं परत निघालो. सुमेधची रजा संपायला दोन दिवस होते, तो घरची कामं उरकून मागून येणार होता. शहरात गाडीला वेळ होता म्हणून मी दोघांना नान-खलिया (मऊ तंदुरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला घातला. कंपनीचाच निळा शर्ट घालून निघालेल्या भीमरावांनी एका नानावरच हात धुतले. गयाबाईने मात्र हॉटेलवाल्याकडून रस्सा दोनदा मागून घेतला आणि त्याला बजावलं, "मिरची कमी हाय, पन चालंल. कोकनात जायचंय, सवय लागली पायजे."

घाट उतरताना दोघंही खिडकीला चिकटली. "एवढी झाडं कुनी लावली?" भीमरावांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, आपोआप येतात. त्यांनी बराच वेळ माझ्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटच्या वळणावर समुद्र दिसला. गयाबाईने आयुष्यात प्रथमच बोलायचं थांबवलं, निदान माझ्यासमोर तरी. भीमरावांनी नुसते हात जोडले.

वाडीत बातमी आमच्या आधी पोचली होती : तलाठ्याचे वडील आले. घराच्या पायऱ्या चढायच्या आत माणसं जमली. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या पाठीमागे प्राची, मान हलवायलाही विसरलेली.

"तुम्हीच का ते?" वहिनीने भीमरावांना विचारलं. "मग ऐका आता."

आणि तिने सुरू केलं. वीज. टँकर. ओले तांदूळ. भिजलेली अंथरुणं. पत्रे कधी आले आणि किती वाकडे आले. वहिनी थांबली की शेजारची बोलायची. शेजारची थांबली की तिची सासू. पडलेल्या झाडांची, बुडालेल्या होडीची, न आलेल्या उत्तरांची गोष्ट. मला मध्ये पडावंसं वाटलं. ह्या माणसाचा सरकारशी काय संबंध? तो शेंद्र्याच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहतो. पण भीमरावांनी मला हातानेच थांबवलं. पिशवी खाली न ठेवता, अंगणात उन्हात उभं राहून ते एकेकाचं ऐकत होते. "सांगा," म्हणत होते. "आनखी काय? सांगा. ऐकाया आलोय."

वादळानंतर आमच्या वाडीत कितीतरी गाड्या आल्या होत्या. साहेब उतरले, फोटो निघाले, खूप काही लिहून नेलं. ती सगळी कामाची माणसं होती, आणि त्यांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आमचं बोलणं संपेपर्यंत कुणी उभं राहिलं नव्हतं. सरकार पास की नापास ते ठरवायला मी एवढा मुलूख तुडवून आले, आणि सरकारकडून काय हवं होतं ते मला त्या अंगणात, कारखान्याच्या निळ्या शर्टात उभं असलेलं दिसलं.

वहिनीचं सांगून संपलं. तिने डोळे पुसले. मग तिने पायरी सोडली, खाली उतरून त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "व्याही, उन्हात किती वेळ उभे राहणार? आत या."